अर्ज, विनंती आणि मागणी

विषयाचे नाव ऐकून काही मंडळींना वाटले असेल की, आज येथे व्याकरणाचा तास भरणार. तशी धास्ती बाळगू नये. आम्ही पंडित नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते जळगावच्या वल्लभदास वालजी वाचनालयाच्या बाकावर, ज्या दिवशी संध्याकाळची पाळी नसे त्या दिवशी. पंचविशीत कामगार संघटनेचे काम अंगावर आले, ते पन्नाशी उलटली तरी सुटलेले नाही. लोकांना वाटते की, युनियनवाल्याचे काम भाषणे करण्याचे. वस्तुतः त्यात भाषणे थोडी आणि पत्रे फार. मालकाला पत्र, कामगार अधिकाऱ्याला पत्र, कलेक्टर कचेरीत निवेदन, कोर्टात कैफियत. ही पत्रे लिहिता लिहिता आम्हांला शब्दांचा नाद लागला, आणि नादापायी थोडा इतिहासही वाचावा लागला. अर्ज, विनंती आणि मागणी हे तीन शब्द, त्यांचे इंग्रजी भाऊबंद, आणि त्यांच्यापायी आमच्या हातून झालेली एक चूक, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम या तिघांची जात-कुळी पाहू. 'अर्ज' हा अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठीत आलेला दरबारी शब्द. मोठ्यापुढे लहानाने आपले म्हणणे मांडायचे, ते अर्ज. 'विनंती' हा घरचा शब्द. संस्कृत 'विज्ञप्ती' झिजून झालेला. विज्ञप्ती म्हणजे नुसते कळविणे. कळविता कळविता त्यात नम्रता आली, आणि पुढे तो शब्द पत्राच्या माथ्यावर कायमचा जाऊन बसला. 'सा. न. वि. वि.' ही अक्षरे आपण सर्वांनी शाळेत घोकली आहेत. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. त्या वेळी त्यात साष्टांग कोण घालतो आणि विनंती कसली, याचा विचार कोणी करीत नसे. तिसरा शब्द 'मागणी'. हा मात्र चमत्कारिक आहे. 'मागणे' या एकाच क्रियापदातून भीकही मागता येते आणि हक्कही मागता येतो. मुलीला मागणी घालतात तीही हीच आणि बाजारात केळीला मागणी असते तीही हीच. शब्द एक, पण मागणारा ओट्याखाली उभा आहे की बरोबरीने बैठकीवर बसला आहे, यावर त्याचा अर्थ फिरतो.

शब्दांतील ही उंच-नीच आपल्या लोकांच्या ध्यानात फार पूर्वी आली होती. जुनी कागदपत्रे पाहावीत. पत्राच्या आरंभी लिहायच्या शब्दांना मायना म्हणत, आणि कोणाला कोणता मायना लिहावा याचे शास्त्रच होते. वरच्याला 'विज्ञापना', खालच्याला 'आज्ञा', बरोबरीच्याला 'नमस्कार'. वडिलांना 'तीर्थरूप', मुलाला 'चिरंजीव'. मायना चुकला की मजकूर कितीही गोड असला तरी वाचणाऱ्याचे तोंड कडू होई. असे हजारो कागद ज्यांनी गावोगाव फिरून जमविले त्या इतिहासाचार्य राजवाड्यांचा देह 31 डिसेंबर 1926 रोजी आपल्या धुळ्यातच पडला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे आहे. फारसीने मराठीवर काय काय परिणाम केले याविषयी राजवाड्यांनी विस्ताराने लिहिले आहे. सतराव्या शतकातील सरकारी मराठी कागद वाचावा तर क्रियापदे आणि प्रत्यय मराठी, बाकी बहुतेक माल फारसी, अशी स्थिती होती. राज्याभिषेक झाला 1674 साली, आणि शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून 'राजव्यवहारकोश' करवून घेतला. सुमारे 1400 दरबारी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. राज्य आपले झाले तर राज्याची बोलीही आपली हवी, हा त्यामागचा विचार. शब्द बदलणे ही राजकारणाची बाब आहे, हे त्या काळच्या राज्यकर्त्याला कळत होते.

आता इंग्रजीकडे वळू. आमच्या तरुणपणी एक समजूत होती, आणि ती अजून पुष्कळांची आहे, की इंग्रजीत मानापमान नाही. 'यू' म्हटले की संपले. नोकरालाही 'यू' आणि साहेबालाही 'यू'. मराठीसारखे तू, तुम्ही, आपण असे तीन मजले तेथे नाहीत. ही समजूत अर्धी खरी आहे. इंग्रजीतही पूर्वी दोन शब्द होते. एकाला 'दाऊ', आणि पुष्कळांना किंवा एकाच मोठ्या माणसाला 'यू'. मुलाला, चाकराला, जवळच्या मित्राला आणि परमेश्वराला 'दाऊ'. येथे आपला विठोबा आठवावा. त्यालाही आपण तूच म्हणतो आणि आईलाही तूच म्हणतो. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स याने क्वेकर पंथ काढला. देवापुढे सगळे सारखे, तर मॅजिस्ट्रेटलाही 'दाऊ' म्हणू आणि त्याच्यापुढे टोपीही काढणार नाही, असा त्या लोकांचा बाणा होता. त्यापायी त्यांनी मार खाल्ला आणि तुरुंगही भोगले. त्यांना सगळ्यांना खाली आणून सारखे करायचे होते. इंग्रजी भाषेने कालांतराने उलट केले, सगळ्यांना वर नेऊन 'यू' म्हटले.

परंतु मजले गेले म्हणून जिना गेला असे होत नाही. इंग्रजीने मान-अपमान सर्वनामांतून काढला आणि दुसऱ्या लहान शब्दांत ठेवला. दार लावायला सांगायचे असेल तर 'शट द डोअर' हा हुकूम झाला. त्याला 'प्लीज' जोडले की जरा मऊ झाला. 'कॅन यू' म्हटले की प्रश्न झाला. 'कुड यू' म्हटले की त्याहून अदबीचा. 'वुड यू माइंड' म्हटले की जणू दार लावले नाही तरी चालेल. काम तेच, दार तेच. वाक्य लांबत जाते तशी अदब वाढत जाते. 'कॅन'चे 'कुड' आणि 'विल'चे 'वुड' होते ती खरे पाहता भूतकाळाची रूपे. चालू गोष्ट भूतकाळात घालून ती दूर नेली की ती अंगावर येत नाही. यात इंग्रजांचे विशेष काही नाही. आपणही कचेरीत जाऊन म्हणतो, "साहेब, जरा काम होते." काम तर आता आहे, 'होते' कशाला? "आपल्याला एक विचारायचे होते," असे म्हणतो आणि तोंडासमोर उभे राहून विचारतो. गरजू माणूस दोन्ही भाषांत भूतकाळाचा आश्रय घेतो.

इंग्रजीत दुसरी एक गोष्ट आहे, तिचे मूळ इतिहासात आहे. 1066 साली नॉर्मंडीच्या ड्यूकने इंग्लंड जिंकले. पुढे कित्येक पिढ्या दरबार आणि कोर्टकचेऱ्या फ्रेंचमध्ये चालल्या, पाद्र्यांचे लिखाण लॅटिनमध्ये, आणि शेतकरी-कारागीर आपली जुनी इंग्रजी बोलत राहिले. कालांतराने तिन्ही प्रवाह एक झाले, पण थर राहिले. म्हणून एकाच अर्थाचे दोन-दोन, तीन-तीन शब्द त्या भाषेत सापडतात. 'हेल्प' खालचा, 'असिस्ट' वरचा. 'बाय' बाजारातला, 'पर्चेस' कचेरीतला. 'बिगिन' घरचा, 'कमेन्स' सरकारी. 'आस्क' साधा, 'क्वेश्चन' म्हटले की चौकशी आली, 'इंटरॉगेट' म्हटले की पोलीस आले. जिंकलेल्यांची भाषा ती अदबीची आणि हरलेल्यांची ती गावंढळ, असा तो हिशोब आहे. आपल्याकडे फारसीने आणि पुढे इंग्रजीने हेच केले. 'दवाखाना', 'इस्पितळ' आणि 'हॉस्पिटल' हे तीन शब्द ऐकून बिल किती येईल याचा अंदाज आपण मनात करतोच की नाही?

आता आमच्या मुद्द्याचा शब्द, 'डिमांड'. फ्रेंचमध्ये 'दमांदे' म्हणजे नुसते विचारणे किंवा मागणे. रस्ता विचारायचा तरी तेच क्रियापद. तोच शब्द इंग्रजीत आला आणि करडा झाला. इंग्रजीत 'डिमांड' म्हटले की टेबलावर हात आपटल्याचा आवाज येतो. म्हणजे शब्द जन्मतः कठोर नसतो. ज्यांच्या तोंडी तो फिरतो आणि ज्या कामाला लागतो, त्यांच्या संगतीने तो कठोर होतो.

हे इंग्रजी आपल्याकडे आले ते कंपनीच्या कचेरीतून. त्या काळच्या सरकारी पत्राच्या शेवटी लिहिणारा स्वतःला 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' म्हणवी. इंग्लंडात तो एक नुसता रिवाज होता. वरचा अधिकारी खालच्याला लिहिताना सुद्धा तीच ओळ लिही, आणि त्यावरून कोणी त्याला सेवक समजत नसे. आपल्याकडे मात्र ती ओळ खऱ्या सेवकांच्या हाती पडली. पगारासाठी, रजेसाठी, फीमाफीसाठी अर्ज करणाऱ्याने ती लिहिली तेव्हा तिचा अक्षरशः अर्थ झाला. 'आय बेग टु स्टेट', म्हणजे 'सांगण्याची भीक मागतो', हे अर्जाचे पहिले वाक्य झाले. 'काइंडली डू द नीडफुल' हे शेवटचे. हा 'नीडफुल' इंग्लंडात जुना होऊन मागे पडला. आपल्या कचेऱ्यांत मात्र त्याने पेन्शन घेतली नाही.

कामगार चळवळीचा इतिहासही या शब्दांतून वाचता येतो. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनकडे 5500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन धाडले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागल्या महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत, आणि काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटाची तजवीज. निवेदनाला त्या काळी इंग्रजीत 'मेमोरियल' म्हणत, म्हणजे वरिष्ठांना आठवण करून देण्याचा कागद. रविवारची सुट्टी मिळायला 1890 साल उजाडावे लागले. पुढे 1926 साली ट्रेड युनियन कायदा झाला, आणि 1928 साली मुंबईचा मोठा गिरणी संप झाला, तेव्हा संप समितीने मालकांपुढे 17 मागण्या ठेवल्या. 'मेमोरियल'पासून 'मागण्यां'पर्यंत यायला 44 वर्षे लागली. अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल, ज्यांच्या भोंग्यावर आमच्या आधीच्या पिढीची घड्याळे चालत, तेथल्या कामगारांच्या हाती हा 'मागणी' शब्द तयार आला. तो तयार करायला लोखंड्यांची पिढी झिजली होती, याचे आम्हांला विस्मरण होते.

ते विस्मरण आमचे आम्हांला कसे भोवले ते आता सांगतो.

गोष्ट 1996 सालची. जळगावकडच्या एका लहान दाळ मिलमध्ये एका कामगाराच्या उजव्या हाताची चार बोटे यंत्राच्या पट्ट्यात गेली. वय सव्वीस, घरी बायको आणि दोन पोरे. कारखाना लहान असल्याने सरकारी विमा योजना तेथे लागू नव्हती. आम्ही त्या वेळी नवे. मालकाला इंग्रजीत पत्र गेले म्हणजे तो दचकतो, अशी आमची समजूत. वाचनालयातले एक जुने पत्रलेखनाचे पुस्तक घेतले, शेजारी इंग्रजी-मराठी कोश ठेवला आणि रात्र जागून पत्र लिहिले. आरंभी 'आय बेग टु स्टेट', मध्ये 'सिंपथेटिकली कन्सिडर', शेवटी 'अँड ऑब्लाइज'. पत्र वाचून आम्हीच आमच्यावर खूष झालो. इतके भारदस्त इंग्रजी आपल्या हातून उतरले याचा अभिमान वाटला.

आठ दिवसांत उत्तर आले. मालक दचकला नव्हता. आपल्या विनंतीचा सहानुभूतीने विचार करून, कसलीही जबाबदारी न पत्करता, अमुक इतकी रक्कम 'एक्स ग्रेशिया' म्हणून देत आहोत, असे त्यात होते. कोशात पाहिले. 'एक्स ग्रेशिया' म्हणजे लॅटिनमध्ये कृपेने. रक्कम तीन महिन्यांच्या पगाराएवढी होती. आम्ही ती पावती घेऊन त्या कामगाराच्या घरी गेलो आणि मालकाने बक्षीस दिले आहे असे सांगितले. तो अहिराणीत एवढेच म्हणाला, "मना हात गया, भाऊ. बक्षीस कसानं?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. पैसे मात्र त्याने घेतले, कारण घरात दाणा नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही भुसावळला एका निवृत्त रेल्वे कारकुनांकडे गेलो. गाव त्यांना अण्णा म्हणे. रेल्वेच्या कचेरीत तीस वर्षे त्यांनी इंग्रजी पत्रे लिहिली होती. आमच्या पत्राची नक्कल त्यांनी चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले, "पत्र छान आहे. फक्त तुम्ही मागितली भीक आणि त्यांनी घातली भीक. रागावता कशाला?" मग त्यांनी आम्हांला समजावले की, 1923 सालापासून कामगार नुकसानभरपाईचा कायदा या देशात आहे. त्याच्या पहिल्या परिशिष्टात एका हाताची चारही बोटे गेली तर कमाईची शक्ती 50 टक्के गेली, नुसता अंगठा गेला तर 30 टक्के गेली, असे कोष्टक आहे. पगार, वय आणि ही टक्केवारी यांवरून रक्कम निघते. त्या परिशिष्टात सहानुभूती हा शब्द नाही, रागाचाही शब्द नाही. "तुम्ही पत्रात फक्त त्या कायद्याचे नाव आणि बोटांची संख्या लिहायची होती," अण्णा म्हणाले.

या कायद्यान्वये दावा दोन वर्षांच्या आत करावा लागे. त्यातले पाच महिने आमच्या भारदस्त इंग्रजीने आणि मग आमच्या शरमेने खाल्ले होते. आम्ही दुसरे पत्र लिहिले. ते मराठीत होते आणि अर्ध्या पानाचे होते. अपघाताची तारीख, वेळ, यंत्र, कोणती बोटे, पगार किती, वय किती, कायदा कोणता, रक्कम किती. 'मागणी करीत आहोत' असे शेवटी लिहिले. मालक मानला नाही. दावा आयुक्तांपुढे गेला. तेथे मालकाच्या वकिलाने आमचे पहिले पत्र काढून दाखविले. विनंती केली, कृपा झाली, प्रकरण मिटले, असा त्याचा युक्तिवाद. सुदैवाने कायद्यातच अशी सोय होती की, कामगाराने हा हक्क लिहून सोडला तरी ते लिहिणे निरर्थक ठरते. म्हणून तो दावा वाचला. मिळालेली रक्कम त्या कृपेच्या कित्येक पट होती. पण ती हातात पडेपर्यंत त्या माणसाच्या बायकोने तीन घरची धुणीभांडी धरली होती आणि थोरल्याची शाळा सुटली होती. कायद्याने आमची चूक भरून काढली. ते शाळेचे वर्ष काही भरून निघाले नाही.

प्रत्येक वेळी कायदा असा उदार असतोच असे नाही. 1947च्या औद्योगिक कलह कायद्याखाली सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशनचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तो 1968च्या निवाड्यांत छापलेला आहे. कामगारांनी मालकाकडे मागितली होती ती कामावरून कमी केल्याची भरपाई. परत कामावर घ्या, असे मालकाकडे मागितलेच नव्हते. ते पुढे सरकारी पातळीवर म्हटले. न्यायालय म्हणाले की, जे मालकाकडे मागितलेच नाही त्याविषयी तंटा उत्पन्न होत नाही. पुढे 1978 साली शंभुनाथ गोयल यांच्या खटल्यात न्यायालयाने हे थोडे सैल केले आणि प्रत्येक वेळी लेखी मागणी हवीच असे नाही, असे सांगितले. पण मधल्या दहा वर्षांत ज्यांच्या पत्रांत 'मागणी'ऐवजी नुसती 'विनंती' राहिली, त्यांची प्रकरणे कशी गेली असतील याचा अंदाज आपण करावा.

दिवाळी आली की असाच एक शब्द पेपरात दिसतो. गिरणी-कारखान्यातल्या कामगाराला 'बोनस' मिळतो आणि नगरपालिकेच्या कामगाराला 'सानुग्रह अनुदान' मिळते. लोकांना वाटते, दोन्ही एकच. एक इंग्रजी, एक शुद्ध मराठी. तसे नाही. 1965च्या बोनस कायद्याने कारखान्यांतील पात्र कामगारांना बोनस हा हक्क झाला. पुढे त्याचे किमान प्रमाण 8.33 टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, असे ठरले. नगरपालिका आणि इतर स्थानिक संस्था त्या कायद्यातून वगळल्या होत्या. म्हणून तेथे जे मिळते ते अनुग्रहाने. 'सानुग्रह' हे 'एक्स ग्रेशिया'चे मराठी भाषांतर आहे. गटारात उतरणाऱ्या माणसाला दर दिवाळीला अनुग्रहाची वाट पाहावी लागते, आणि शब्द इतका देखणा आहे की कोणाच्या लक्षात येत नाही.

आता तू आणि तुम्ही यांच्याविषयी. पुष्कळांना वाटते की, पगार वाढला म्हणजे झाले, अरेतुरे केले तर काय बिघडते? रशियात सैबेरियातील लेना नदीकाठच्या सोन्याच्या खाणींत 1912 साली संप झाला. कुजके मांस खायला दिले यावरून तो पेटला. कामगारांच्या मागण्यांत आठ तासांचा दिवस होता, पगारवाढ होती, दंड बंद करा हे होते. आणि त्यांतच एक अशी होती की, अधिकाऱ्यांनी आम्हांला 'तू' न म्हणता 'तुम्ही' म्हणावे. त्या संपावर गोळीबार झाला आणि फार माणसे पडली. पुढे मार्च 1917 मध्ये पेट्रोग्राडच्या सोव्हिएटने सैन्यासाठी पहिला हुकूम काढला. त्यातही शिपायाला 'तू' म्हणू नये असे कलम घातले होते. भाकरीबरोबर सर्वनाम मागणारे ते लोक खुळे नव्हते. ज्याला मुकादम दिवसभर 'ए' म्हणून हाक मारतो, तो संध्याकाळी आपला पगार तपासून घ्यायला कचरतो. आमचा अनुभव तसाच आहे. ज्या कारखान्यात अहोजाहो सुरू झाले, तेथे पुढल्या वर्षी हजेरीपत्रकही नीट भरले जाऊ लागले.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. अदब म्हणजे आदर नव्हे. हल्लीच्या कंपनीच्या इंग्रजीत अदब इतकी वाढली आहे की, हुकूम कोठे आहे तेच सापडत नाही. कामावरून काढायचे तर 'तुम्हांला जाऊ देत आहोत' असे म्हणतात. शहरात मोटरसायकलवरून जेवणाचे डबे पोचविणाऱ्या पोराला 'पार्टनर' म्हणतात. पार्टनर म्हणजे भागीदार. नफ्यात त्याचा भाग नाही, पेट्रोल त्याचे, पडला तर हाड त्याचे. एवढा मान देऊन 'कामगार' हा साधा शब्द त्याच्याकडून काढून घेतला, आणि त्या शब्दाबरोबर 1923 पासूनचे कायदेही दूर गेले. 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा लोकांचा 'गिग कामगार' म्हणून उल्लेख आला, तेव्हा निदान 'कामगार' हा शब्द परत आला. आमच्या मते अपमानाचा 'तू' ओळखणे सोपे. असा गोड 'पार्टनर' ओळखणे अवघड.

दुसरी सावधगिरी आमच्याच लोकांसाठी. 1960 साली राज्य झाले, 1964 साली राजभाषेचा कायदा झाला, आणि सरकारने इंग्रजी पदांना मराठी नावे देणारा पदनाम कोश काढला. तेव्हा लोकांनी त्याची 'बदनाम कोश' म्हणून थट्टा केली. त्यातले कित्येक शब्द पुढे रुळले, हेही खरे. पण कार्यालयीन मराठी पाहता पाहता इतकी जड झाली की, सामान्य माणसाला ती इंग्रजीइतकीच परकी वाटू लागली. आमच्या युनियनची पत्रकेही त्याच चालीवर जाऊ लागली. 'उपरोक्त विषयान्वये', 'सदरहू', 'यथोचित कार्यवाही'. एकदा एका बाईने पत्रक हातात घेऊन विचारले, "भाऊ, यात आपण भांडतोय की माफी मागतोय?" तेव्हापासून पत्रक छापायला देण्यापूर्वी आम्ही ते पाळीवरून सुटलेल्या दोघा-तिघांना वाचून दाखवितो.

साधे लिहिले म्हणजे हलके लिहिले, ही भीती खानदेशाने तरी बाळगू नये. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. विषय गीतेचा, ऐकणारे कैदी. त्या पुस्तकात कोठेही शब्द वाचणाऱ्याला हटकीत नाही. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी 1952 साली पुस्तकरूपाने छापली गेली, आणि 2018 साली आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. ज्या बोलीला शाळेत आम्ही छड्या खाल्ल्या, त्या बोलीत गाणाऱ्या बाईचे नाव आता पदवीच्या कागदावर छापले जाते.

आमच्या कचेरीत येणाऱ्या तरुण पोरांना आम्ही तीन गोष्टी सांगतो, त्याच येथे सांगून थांबतो. जे आपले नाही ते हवे असेल तर विनंती करावी, आणि ती मनापासून करावी. शेजाऱ्याची शिडी, साहेबाची भेट, कोणाचा वेळ, यांसाठी विनंतीच शोभते. जेथे नियमाने ठरलेला रस्ता आहे तेथे अर्ज करावा, आणि त्यात तारीख आणि आकडे लिहावेत, विशेषणे लिहू नयेत. आणि जे आपले आहे ते दुसऱ्याकडे अडकले असेल तर मागणी करावी. मागणीला आवाज चढवावा लागत नाही. 'कृपया' घातल्याने ती लहान होत नाही आणि 'खबरदार' घातल्याने मोठी होत नाही. फक्त काय हवे ते तिच्यात स्पष्ट असले पाहिजे, आणि ज्याच्यासाठी लिहिली त्याला ती वाचून समजली पाहिजे.

तो चार बोटे गेलेला कामगार आज चहाची टपरी चालवितो. आम्ही गेलो की पैसे घेत नाही. त्यावरून आमचा त्याचा दर वेळी वाद होतो, आणि दर वेळी तो म्हणतो की, हे बक्षीस आहे, मुकाट्याने घ्या. आम्ही घेतो.